निरीक्षण आधी लिहून घ्या

नाशिकच्या आमच्या शाळेत विज्ञानाचे कुलथे सर प्रयोगाआधीच निरीक्षण लिहून देत. ‘धुमसती काडी भडकून पेटली’ हे वाक्य मुलांच्या वहीत उतरलं, की मगच परीक्षानळी कपाटातून बाहेर येई. “प्रयोग फसतो, फळा फसत नाही,” असं म्हणत ते पांढऱ्या कोटाची बटणं लावत. त्या कोटावर आम्लाचा एकही डाग नव्हता. लढाईवर न गेलेल्या सेनापतीचा गणवेश असाच असतो.

मी मराठी शिकवायचो. माझ्या विषयात काहीच सिद्ध करावं लागत नाही, म्हणून सरांची माझ्यावर मर्जी होती. “एकदा वर्ग हसला ना, की तीस वर्षांची नोकरी पाण्यात,” ते मला बजावत.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. मी खडू मागायला दहावीच्या वर्गात गेलो, तेव्हा सर ऑक्सिजन काढायला नळीत जांभळे स्फटिक तापवत होते. त्यांनी तोंडाशी धुमसती काडी धरली. विझली. दुसरी धरली, तीही विझली. स्फटिक बहुधा सरांच्याच भरतीच्या वेळचे असावेत. बाकीच्या वह्यांत काडी भडकलेलीच राहिली. हरसूलहून वसतिगृहात आलेल्या यमुना भोयेनं मात्र वहीतलं वाक्य खोडून ‘काडी विझली’ असं लिहिलं.

“काय गं, पुस्तकात काय दिलंय?” कुलथे सरांनी तिच्या वहीत डोकावत विचारलं.

“भडकली म्हून दिलंय. पण सर, इझली ना! तुमी पण पाह्यलं.”

वर्ग हसला. सर कोटाला शोभतील इतके पांढरे पडले.

त्यांनी तिच्या जर्नलवर सही नाकारली. सही नाही तर बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला बसता येत नसे. आठ दिवस ती वही धरून स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली. सर तिच्या डोक्यावरून बघत चहा पीत. “प्रश्न सहीचा नाही हो, व्यवसायनिष्ठेचा आहे,” ते मला म्हणाले.

नवव्या दिवशी मीच तिला म्हणालो, “लिहून टाक बाई, भडकली.”

“सर, तुमी तर तिथंच होते,” ती म्हणाली, आणि तिनं लिहिलं. सरांनी लाल शाईत शेरा मारला : ‘निरीक्षणशक्ती उत्तम.’

पुढे सर निवृत्त झाले. निरोप समारंभात समई त्यांच्याच हस्ते लावायची होती, आणि ती नेमकी पंख्याखाली ठेवलेली. तीन काड्या विझल्या. पंखा बंद करा, असं म्हणायचा कुणाला धीर झाला नाही. “दीपप्रज्वलन संपन्न झालं आहे,” असं माइकवरून जाहीर झालं, टाळ्या पडल्या, आणि सर गंभीरपणे खुर्चीत जाऊन बसले.

समारंभाचा वृत्तान्त माझ्याकडे होता. ‘सरांच्या हस्ते समई तेजाने उजळली’ हे वाक्य मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. ते मी खोडलं नाही.