टिकलीखालचा दिवा

आमच्या गाडीतला एअरबॅगचा लाल दिवा दोन वर्षं पेटलेलाच होता. बायको म्हणायची, दाखवून या की. मी म्हणायचो, बघू. शेवटी वैतागून तिनं त्या दिव्यावर आपली टिकलीच चिकटवली. मार्गशीर्षात ती आजारानं गेली.

परवा जुळे सोलापुरातल्या गॅरेजात एअरबॅगचं मॉड्यूल बदलून घेतलं. मेकॅनिकनं बॅटरीची वायर काढली आणि दहा मिनिटं कशालाच हात लावू दिला नाही. आतला करंट उतरू द्यावा लागतो, नाहीतर बॅग तोंडावर फुटते म्हणाला. दोन वर्षांत मला ही दहा मिनिटं मिळाली नव्हती.

नवीन मॉड्यूल बसवून, वायर जोडून गाडी चालू केल्यावर त्यानं नखानं टिकली काढून बघितलं. दिवा विझला होता.

"आता वहिनींना बिनधास्त शेजारी बसवा," तो म्हणाला.

मी टिकली तेवढी मागून घेतली.