पाच खिडक्यांचं नाताळकार्ड

थेल्मा ओल्डरॉइडचा राग कुणाला दिसत नसे. तिची बहीण चिडली की भांडी आपटायची, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायची आणि जेवायच्या वेळेपर्यंत सगळं विसरून जायची. थेल्मा गप्प बसायची, चहा करायची, समोरच्याला बिस्कीट पुढे करायची. पण डूख धरला की धरला. कुणी तिला दुखावलं तर ते तिच्या मनात लोणच्यासारखं मुरत राहायचं.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीत तिचा जन्म गेला. उमेदीची सगळी वर्षं तिने पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात काढली. कागद कुठे दुमडला तर बसेल आणि कुठे दुमडला तर फाटेल, हे तिला बोटांनी कळायचं. तिचा नवरा विल्फ मासेमार. छोट्या होडीतून खेकडे पकडायला जायचा आणि बंदरावर परतला की इतकं बोलायचा, की लोक म्हणायचे, याच्या जाळ्यात खेकडे येत नाहीत, कंटाळून स्वतःच होडीत चढतात.

निवृत्त झाल्यावर थेल्माला कार्डांचा नाद लागला. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी दुपारी आठ-दहा बायका जमायच्या. रबरी शिक्के, शाईच्या डब्या, आणि आकार कापायच्या डाय, म्हणजे पोलादाच्या पातळ धारदार चौकटी. कागदावर डाय ठेवून हाताने फिरवायच्या यंत्रातून दाबून काढली की चांदणी नाहीतर सूचिपर्णीचं झाड अलगद सुटून हातात यायचं. सप्टेंबर उजाडला की सगळ्यांची नाताळची कार्डं सुरू. थेल्माला नुसती छापलेली कार्डं आवडत नसत. तिला हलणारी कार्डं लागत. पट्टी ओढली की रॉबिन पक्षी मान वर करणार, उघडलं की पुडिंगमधून वाफ निघणार.

मग विल्फला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. एवढा बोलका माणूस खिडकीशी खुर्चीत बसून राहायला लागला. डॉक्टर म्हणाले, डावा हात चालता ठेवा. थेल्माने रबरी चेंडू दिला, विल्फने तो फेकून दिला. तेव्हा तिने त्याच्यासाठी एक कार्ड केलं. जाड पुठ्ठ्याचं, एका हाताने खेळता येईल असं. लाल फीत ओढली की छपरावरचा नाताळबाबा धुराड्यात पडायचा, अडकायचा आणि त्याचे दोन पाय वर हलत राहायचे. एक पाय कापताना सुरी घसरली होती, म्हणून तो जरा वाकडा झाला होता. विल्फने फीत ओढली. पाय हलले. आणि झटका आल्यानंतर पहिल्यांदा तो हसला, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या डिसेंबरात त्याने ती फीत किती वेळा ओढली असेल, देव जाणे. जानेवारीत तो गेला.

दफनानंतर सगळे थेल्माच्या घरी चहा-सँडविचला आले. रोझलिंड फेअरबर्नही आली. मंगळवारच्या बायकांमधली सगळ्यांत टापटीप बाई. आयुष्यभर हॉटेलच्या स्वागतकक्षात काम केलेलं, त्यामुळे जिभेवर सतत साखर. तिने कपाटावरचं ते कार्ड उचललं, फीत ओढली आणि थेल्माला मिठी मारली.

"अगं, काय गोड आहे हे! आठवडाभर मला देतेस? मंगळवारी सगळ्यांना दाखवते. विल्फची आठवण म्हणून."

थेल्माचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं. ती म्हणाली, "ने."

कार्ड परत आलं नाही. थेल्माने दोनदा विचारलं. "हो गं, आणते," रोझलिंड म्हणायची. मग तिने मंगळवारी येणंच बंद केलं.

ऑक्टोबरात थेल्माच्या शेजारणीने, एव्हिसने, भिंतीवर टकटक करून तिला बोलावलं. "लवकर ये! टीव्हीवर आपली रोझलिंड!" दिवसभर हस्तकलेचं सामान विकणारी ती वाहिनी होती. रोझलिंड निळा स्वेटर घालून बसली होती आणि तिच्या हातात धुराड्यात पडणारा नाताळबाबा होता. नवाकोरा, दोन्ही पाय सरळ. डाय आणि शिक्क्यांचा पूर्ण संच, एका कंपनीने काढलेला, वर तिचं नाव.

निवेदिकेने विचारलं, "ही कल्पना सुचली कुठून?"

रोझलिंडने खाली पाहिलं, आवाज हळवा केला. "माझे एक काका होते. झटका आला होता, बोलता येत नव्हतं. एकच हात चालायचा. मी स्वयंपाकघरात बसले होते आणि एकदम मनात आलं, त्यांना हसवायचं. ते हसले हो. शेवटचं हसले."

निवेदिकेने डोळे पुसले. एव्हिस थेल्माकडे पाहत राहिली. थेल्मा उठली, म्हणाली, "किटली ठेवते," आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन किटलीत पाणी भरलं.

कल्पना चोरली असती तर तिने ती एकवेळ सोडून दिली असती. कल्पना काय, हवेत असतात. पण विल्फचं हसू चोरलं होतं आणि ते दुकानात मांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती टेकडीवरच्या रोझलिंडच्या घरी गेली. रोझलिंड जराशी गोरीमोरी झाली, पण लगेच सावरली.

"थेल्मा! बघितलंस ना? अगं, तुझं नाव घेणार होते, पण टीव्हीवर वेळच नसतो."

"माझं कार्ड दे."

"ते? ते आता कुठलं राहिलंय? मापं घ्यायला सगळं सुटं करावं लागलं. उघडल्याशिवाय आत काय आहे ते कसं कळणार? फाटलं गं ते. टाकून दिलं. तुला काय, तू दुसरं करशील चुटकीसरशी!"

थेल्माने तिच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, "हो. करीन की."

उतारावरून घरी येताना समुद्रावरचा वारा तोंडावर येत होता, आणि तिला एका गोष्टीची खात्री पटली होती. आरडाओरडा करून काही होणार नाही. कंपनी म्हणेल, पुरावा काय? लोक म्हणतील, म्हातारीला मत्सर वाटतोय. रोझलिंडला तिच्याच तोंडाने बोलायला लावायला हवं.

तिने मैत्री तोडली नाही. उलट वाढवली. रोझलिंडकडे चहाला जाऊ लागली, तिच्या केसांचं कौतुक करू लागली. एव्हिस वैतागली. "तुला लाज कशी वाटत नाही? त्या बाईच्या दारात जातेस?"

"चहाबरोबर तिचे स्कोन चांगले असतात," थेल्मा म्हणाली.

तिला ठाऊक होतं, रोझलिंडच्या डोक्यात स्वतःचं असं काही उगवणार नाही. एक नाताळ धुराड्यावर निघाला, दुसरा त्याच धुराड्यावर जांभळा रंग देऊन निघाला. तिसऱ्या वर्षी वसंतात रोझलिंडच आल्याचा केक घेऊन थेल्माच्या दारात उभी राहिली.

"कंपनी नवीन मागतेय गं. माझं मेलं डोकंच चालेनासं झालंय. तुझ्याकडे पडलेलं काही आहे का? असंच, जुनंपानं?"

"बघते," थेल्मा म्हणाली आणि केक कापायला घेतला.

जुनंपानं काही नव्हतं. होतं ते दोन हिवाळे खपून केलेलं होतं. कार्डाच्या दर्शनी भागावर कमानीत पाच गोल खिडक्या. आत एक चकती. चकती फिरवली की पाचही खिडक्यांत एकदम चित्रं उजळायची: रॉबिन, पुडिंग, चांदणी, मेणबत्ती, घंटा. चकतीच्या कडेला कागदाची एक छोटी जीभ होती. चित्रं खिडकीत आली की ती जीभ अडायची आणि चकती थांबायची. पुढे चकतीवर आयव्हीच्या वेलींची दाट नक्षी होती, पण जीभ असेपर्यंत ती खिडकीखाली येतच नसे.

रोझलिंडने चकती पुन्हा पुन्हा फिरवली. "अगं, जादू आहे! पण ही वेल कशाला? दिसत तर नाही."

"शिक्का भरगच्च दिसतो. पाकिटावर छापता येतो. आणि ती जीभ मात्र कापू नकोस."

"नाही कापणार. मध्ये रिकामी जागा आहे, तिथे माझं नाव घालू?"

"घाल की," थेल्मा म्हणाली. "ठसठशीत घाल. खिडक्यांच्या बरोबर खाली."

नोव्हेंबरात हॅरोगेटला कार्डवाल्यांचा मोठा मेळा भरतो. त्या वर्षी रोझलिंडचं प्रात्यक्षिक मुख्य मंचावर होतं. तिच्या हातांवर कॅमेरा, मागे भलामोठा पडदा, समोर खचाखच भरलेल्या खुर्च्या. थेल्मा एव्हिसला घेऊन गेली आणि पहिल्या रांगेत बसली. एव्हिसला तिने काही सांगितलं नव्हतं. फक्त म्हणाली होती, "चांगला कोट घाल."

रोझलिंडने कापलं, छापलं, चिकटवलं. पडद्यावर पाच चित्रं उजळली, खाली सोनेरी अक्षरांत 'रोझलिंड'. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "एके सकाळी पाऊस बघत बसले होते," रोझलिंड सांगत होती, "आणि ही चकती जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली. कुणाला काही विचारायचंय?"

थेल्माने हात वर केला. "ती कडेची जीभ कशासाठी आहे?"

रोझलिंड हसली. "ती तशीच ठेवायची, राणी. कापायची नाही."

"पण का?"

"कारण... ती त्या रचनेचा भाग आहे."

"मग रचना तुझी ना? कापली तर काय होतं, तुला माहीत असेलच."

मागून कुणीतरी म्हणालं, "कापून दाखवा की!" दुसरी म्हणाली, "हो, बघू तरी!" मेळ्यातल्या बायका हावरटच. कुठे काही दडलेलं असेल तर त्यांना ते हवंच असतं. रोझलिंडने थेल्माकडे पाहिलं. थेल्मा मांडीवर हात ठेवून शांत बसली होती. नाही म्हणण्याची सोय राहिली नव्हती. रोझलिंडने कात्री घेतली, जीभ कापली आणि चकती पुढे फिरवली.

चित्रं सरकली, वेली आल्या. खिडक्यांच्या गोल कडांनी पानं झाकून टाकली आणि प्रत्येक खिडकीत फक्त वेलीचं एक देठ उरलं, अक्षराच्या आकारात वळलेलं. त्यांच्या इंग्रजीत चोर लिहायला पाच अक्षरं लागतात. पाच खिडक्यांत ती पाच अक्षरं होती, आणि खाली सोनेरी 'रोझलिंड'.

पडदा मोठा होता. सगळ्यांना दिसलं. क्षणभर कुणाला समजेना, हसायचं की काय. मग मधल्या रांगेतल्या एका बाईने तो शब्द आणि ते नाव जोडून मोठ्याने वाचलं.

रोझलिंडचा चेहरा पांढराफटक पडला. तिने कार्ड टेबलावर पालथं घातलं, पण तोवर तिचा तोल गेला होता. "हे मी केलेलं नाही!" ती किंचाळली. माईक चालूच होता. "मी नाही केलं हे! हे तिचं आहे, त्या थेल्माचं! सगळं तिनेच करून दिलं मला! मला काय माहीत आत काय आहे!"

मागच्या रांगांतल्या बायका बघायला उभ्या राहिल्या.

थेल्मा उठली. "आणि धुराडं?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. "तेही सांगून टाक. कुठल्या काकांना झटका आला होता?"

कंपनीच्या माणसाने पडदा बंद केला.

"चल," थेल्मा एव्हिसला म्हणाली, "बसला अजून वेळ आहे. आधी काहीतरी खाऊ. मला सपाटून भूक लागलीय." आणि तिने खरोखरच मोठी प्लेटभर मासे आणि बटाट्याच्या फोडी संपवल्या.

कंपनीने संच मागे घेतला, पण तोवर तो घरोघर पोचला होता. त्या नाताळात बायकांनी घरी बसून त्या जिभा कापल्या आणि आपापल्या वैरिणींना ती कार्डं पाठवली, असं म्हणतात. कंपनीतून थेल्माला फोन आला, आता तुमच्या नावाने संच काढू का म्हणून. ती म्हणाली, "तुम्ही तरी तेव्हा कुठे विचारलं होतं, हे कुणाचं आहे?" आणि फोन ठेवला.

डिसेंबरात रोझलिंड तिच्या दारात आली. ओठांना रंग नव्हता, केस विस्कटलेले.

"तू माझ्या घरी इतके दिवस चहा पीत होतीस," ती म्हणाली, "आणि पोटात हे होतं?"

"होतं. चहा बरा होता."

"मला आता कुणी दारात उभं करत नाही, थेल्मा. दुकानात बायका माझ्याकडे बघून कात्री चालवल्यासारखी बोटं करतात. मी चुकले. आणखी काय करू?"

"विल्फचं कार्ड आणून दे."

"ते कसं आणू मी? ते कचऱ्यात गेलं!"

"मग झालं तर," थेल्मा म्हणाली आणि दार लावलं.

मंगळवारच्या बायकांत दोन तट पडले. काही म्हणाल्या, बरं झालं, जिरली. काही म्हणाल्या, चोरीला एवढी शिक्षा नसते. एव्हिस या दुसऱ्या तटात गेली. "तू दोन वर्षं हसत राहिलीस ना, त्याची मला भीती वाटते," ती म्हणाली आणि महिनाभर भिंतीवर टकटक केली नाही. थेल्माला ते लागलं. चर्चचे पाद्री घरी येऊन क्षमेबद्दल बोलले. थेल्माने त्यांना चहा दिला, बिस्कीट पुढे केलं आणि म्हणाली, "क्षमा करणं तुमच्या साहेबाचं काम. मला ते जमत नाही, आणि जमत नाही म्हणून मला झोप येत नाही असंही नाही. मस्त येते."

लोकांना वाटायचं, सूड घेऊन झाला की माणूस आतून रिकामं होत असेल. थेल्मा रिकामी झाली नाही. तिला बरं वाटलं, आणि बरेच दिवस बरं वाटत राहिलं.

वसंतात रोझलिंडच्या घरापुढे 'विकणे आहे' अशी पाटी लागली. ती स्कारबरोला भाचीकडे राहायला जाणार होती. थेल्माचा पाव आणायचा रस्ता खालून, बंदराकडून जायचा. आता ती रोज सकाळी टेकडी चढून, धापा टाकत, वरच्या रस्त्याने जाऊ लागली. पाटीसमोर थांबायची, श्वास घ्यायची आणि पुढे जायची. जूनमध्ये पाटी उतरली. एक तरुण जोडपं राहायला आलं होतं आणि त्यांचा केसाळ कुत्रा कुंपणातून तिच्यावर भुंकला. थेल्माने अंगणात कुणी आहे का ते पाहिलं. कुणी नव्हतं. तिला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा खालच्या रस्त्याने जायला लागली.