करंगळीला कळलेली लेक

सातिवलीच्या ज्या गाळ्यात मी अकरा वर्षं काम केलं, तिथे प्लास्टिकच्या डब्याबाटल्यांचे साचे बनायचे. मशीनवरून उतरलेला साचा माझ्याकडे यायचा. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, शेवटी चकाकीची पेस्ट लावून मी तो घासायचो. त्यात तोंड दिसायला लागलं तरी माझं समाधान व्हायचं नाही. मी डोळे मिटायचो आणि उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट लोखंडावरून हळूच फिरवायचो. डोळ्यांना न दिसलेला ओरखडा बोटाला बरोबर सापडायचा. दुसऱ्या पॉलिशवाल्यांचेही साचे शेवटी माझ्या बोटाखालून जायचे, याचा मला गर्व होता. आता सांगायला हरकत नाही.

बायको आठव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी, कामणला गेली. माझे आईवडील कोकणात, गावी. त्यामुळे तुळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच होतो. एका रविवारी सकाळी बेडरूमची सरकती खिडकी अडकली. बाळ येणार म्हणून घर साफ करायला काढलं होतं. मी उजव्या तळहातानं काच जोरात ढकलली, काच फुटली आणि हात आरपार गेला. शेजारच्या काकांनी मनगटाला टॉवेल गच्च बांधला, रिक्षात घातलं. मनगट ठणकत होतं. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं मात्र अगदी गप्प होती. रिक्षात मी ती डाव्या हातानं दाबून पाहिली. दुसऱ्या कुणाची तरी बोटं दाबल्यासारखं वाटलं.

नस तुटली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन करून ती शिवली. आठवड्यानं ड्रेसिंगला गेलो तेव्हा त्यांनी कागदावर हात काढून समजावलं.

"शाळेत आपण त्वचा हे एक ज्ञानेंद्रिय म्हणून शिकतो," ते म्हणाले. "पण त्वचेत अनेक जण बसलेत. हलका स्पर्श एकाला कळतो, दाब दुसऱ्याला, थरथर तिसऱ्याला. गरम कळणारे वेगळे, थंड कळणारे वेगळे, दुखणं कळणारे आणखी वेगळे. बोटाच्या टोकाला तर त्यांची दाटी असते. त्यांना जे कळतं ते मेंदूपर्यंत नेणारी नस तुमची तुटली."

"मग आता?"

"शिवलेल्या जागेपासून ती पुन्हा वाढत खाली जाईल. दिवसाला एखादा मिलिमीटर."

"सगळं परत येईल?"

"आत्ता नाही सांगता येणार."

घरी येऊन मी मोजपट्टी घेतली आणि मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजलं. सतरा सेंटिमीटर. मग कॅलेंडरपुढे बराच वेळ उभा राहिलो.

मुलगी झाली तेव्हा हाताला अजून आधाराचा पट्टा होता. कामणला पोचलो, तर सासूबाई दारातच थांबल्या होत्या. आयुष्य भातशेतीत गेलेली बाई. बोलणं थोडं, पण स्पष्ट. मी खाटेवर बसलो आणि त्यांनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"जावई, धरा. पडनार नाय. मी हाय ना इथं."

मी उजव्या हाताचं बोट तिच्या मुठीपाशी नेलं. तिनं ते पकडलं. पकड घट्ट असणार, कारण तिची इवलीशी नखं पांढरी झालेली मला दिसली. पण बोटापर्यंत काही आलं नाही. ऊब नाही, ओल नाही, दाब नाही. मी नुसता बघत होतो.

बायको कौतुकानं म्हणाली, "बघा, कशी घट्ट धरते!"

"हो ना," मी म्हणालो.

नंतर ती बाळाला पाजायला वळली तेव्हा मी तिला खरं सांगितलं. तिनं माझा हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे? हे कळतं?" तिनं करंगळी धरली होती. करंगळीची नस वेगळी असते, ती वाचली होती. मी मान हलवली. तिनं बाळाचा पाय माझ्या करंगळीवर टेकवला. गरम होता. पोळीसारखा गरम, आणि त्वचा इतकी सैल की करंगळीबरोबर सरकत होती.

डावा हात होताच की, असं कुणीही म्हणेल. मीही स्वतःला तेच सांगायचो. पण सगळं बारीक कळायची सवय ज्या बोटाला होती, ते बोट उपाशी राहिलं होतं. मला तिच्या भुवईची लव, कानाची पाळ, टाळूवरचं ते धडधडणं त्याच बोटानं पाहायचं होतं.

बायको आणि मुलगी पाच महिने कामणलाच राहिल्या. मी तुळिंजला, व्यायाम करत. एका सकाळी चहाचं पातेलं उतरवलं आणि कुठून तरी करपल्याचा वास आला. गॅस बंद होता. खाली पाहिलं तर माझी दोन बोटं पातेल्याच्या कडेवर टेकलेली. टरटरून फोड आले होते. मी नळाखाली हात धरून उभा राहिलो आणि मला रडू फुटलं. दुखत होतं म्हणून नाही. दुखत नव्हतं म्हणून.

पुढच्या खेपेला कामणला गेलो तेव्हा सासूबाईंनी ते फोड पाहिले. त्या बाळाला अंघोळ घालायला बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बसा इथं. पानी बघा."

मी घाबरून हात मागे घेतला.

"हातानं नाय. कोपरानं. हाताला आगीची सवय पडते, मग तो खोटं सांगतो. कोपर नाय खोटं सांगत."

मी कोपर बुडवलं. पाणी कडक होतं. त्यांनी थंड पाण्याचा तांब्या ओतला, पुन्हा मला बघायला लावलं. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "आता बरोबर." त्यांनी एका शब्दानंही खात्री करून घेतली नाही. सरळ बाळाला घेतलं आणि पाणी ओतलं. इतक्या दिवसांत माझ्या हातावर कुणी असा विश्वास टाकला नव्हता, मीसुद्धा.

हाताच्या व्यायामासाठी मी ज्या बाईंकडे जायचो, त्या वयानं माझ्याहून लहान होत्या, पण शाळेतल्या बाईंसारख्या कडक. डोळे मिटायला लावून त्या बोटाला काहीतरी टेकवायच्या. कापूस, ब्रश, टाचणी. मला काहीच कळायचं नाही. एकदा त्यांनी माझं मधलं बोट दोन्ही बाजूंनी धरलं आणि हलवलं.

"वर की खाली?"

"खाली."

"आता?"

"वर."

दहापैकी नऊ उत्तरं बरोबर आली. मी डोळे उघडले. "बाई, नस जुळली?"

"नाही," त्या म्हणाल्या. "बोट वाकवणारा स्नायू इथे असतो, कोपराखाली. तो किती ताणलाय हे सांगणारी यंत्रणा त्या स्नायूतच असते आणि ती कापलेल्या जागेच्या वर आहे. म्हणून बोट कुठे आहे ते तुम्हाला कळतं. बोटाला काय लागलंय ते कळत नाही."

स्टेशनपर्यंत चालत आलो. वाटेत मनात एकच चाललं होतं. मला रोज माहीत असायचं की माझी मुलगी या क्षणी कुठे आहे. ओटीवर, झोळीत, सकाळच्या उन्हात. फोनवर फोटो यायचे. बाकी काहीच माझ्यापर्यंत येत नव्हतं.

बाईंनी घरी तांदळाच्या पिशवीत वस्तू लपवून शोधायला सांगितलं होतं. सासूबाईंना कळल्यावर त्यांनी घरच्या भाताचे तांदूळ पाठवले. त्यात मी बटण, किल्ली, चिंचोका टाकायचो आणि डोळे मिटून चाचपडायचो. नस किती वाढली ते कळावं म्हणून मनगटापासून खाली टिचक्या मारत, मुंग्या कुठपर्यंत येतात ते दर रविवारी बघायचो. आधी तळहाताच्या मध्यापर्यंत, मग बोटाच्या मुळापर्यंत, मग पहिल्या पेरापर्यंत. मी तिथे पेनानं खूण करायचो. मुलीला घरी आणलं त्या आठवड्यात खूण दुसऱ्या पेराच्या पुढे गेली होती.

तिला खालचे दोन दात आले तेव्हा ती दिसेल ते तोंडात घालायची. एका दुपारी मी पेपर वाचत होतो आणि ती मांडीवर होती. अचानक बोटात सणकन कळ गेली आणि मी "आई गं!" म्हणून ओरडलो. तिनं माझं तेच बोट चावलं होतं. ती दचकून भोकाड पसरून रडायला लागली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय केलंत तिला?"

"चावली. मला दुखलं."

बायको क्षणभर तशीच उभी राहिली. मग खाली बसली, माझं बोट पदरानं पुसलं आणि तिथे स्वतःच एक चिमटा काढला. मी पुन्हा ओरडलो. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यानंतर थंड कळायला लागलं, मग गरम. दाबही कळायला लागला, जाड मोज्यातून कळावा तसा. पुढे वर्षभर वाट पाहिली. बारीक स्पर्श आला नाही. गाळ्यावर परत गेलो, साच्यावरून बोट फिरवलं, तर सगळंच गुळगुळीत लागलं. ओरखडा समोर दिसत होता तरी. मालक भले, त्यांनी मला माल पाठवायच्या कामावर घेतलं. आता मी गाड्या भरून घेतो, टेम्पोवाल्यांशी भांडतो. काम वाईट नाही.

मुलगी आता पाच वर्षांची आहे. शर्टाचं बटण लावायला मला वेळ लागतो तेव्हा मधे घुसून स्वतः लावते. हात धरला की तिचा हात मला कळतो, खरबरीत, मातीत खेळणारा. पण तिचं पहिलं वर्ष त्या बोटाला मिळालं नाही, आणि ते आता कुठूनही मिळणार नाही.

मागच्या रविवारी मी बायकोला विचारलं, "जन्मली तेव्हा तिचे गाल हाताला कसे लागायचे गं?"

ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. तिनं विचार केला, अंगठा बोटावर चोळून पाहिला, जणू तिथे काही उरलं असेल.

"आठवत नाही हो," ती म्हणाली. "रोजच हात लावायचे ना."

तिचंही काहीतरी हरवलं होतं, हे तिच्या आवाजावरून मला पहिल्यांदाच कळलं. मी तिच्या शेजारी बसलो आणि मेथीची एक काडी उचलली. मुलगी टीव्हीसमोर पालथी पडून पाय हलवत होती. दिवसभर अनवाणी हुंदडून टाचा काळ्याकुट्ट झाल्या होत्या. आम्ही दोघंही तिकडे बघत राहिलो.