चौथा कोपरा

गुण्याबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या सदा तिच्या पिशवीतून डोकावायचा, म्हणून बांधकामावरच्या लोकांनी पाडलेलं. फरशी बसवणं हा तिच्या बापाचा धंदा. बाप गेला, मुलगे नोकऱ्यांना चिकटले आणि शेंडेफळ असलेल्या हिनं थापी उचलली. बाईच्या हातची फरशी डुगडुगेल म्हणणारे कमी नव्हते. त्यांच्या नाकावर टिच्चून तिनं निम्म्या शहरात फरश्या बसवल्या.

खोलीचे तीन कोपरे साधले की चौथा आपोआप साधतो, असं कारागीर म्हणतात. साधतो कसला! पहिल्या तिघांत केसभर केसभर कमी सोडलं की सगळी कसर चौथ्याच्या अंगावर येते. मग तो कोपरा दाराआड दडवायचा, ही धंद्यातली जुनी रीत. बापाला ती रीत कधी पटली नाही. एकदा त्यानं एका वेड्यावाकड्या चौकोनी तुकड्याचे चारही कोपरे कापले आणि टोकाला टोक लावून जमिनीवर मांडले. मधे फट नाही, कोणी कोणावर चढलेलं नाही, पुरा एक फेरा भरला.

"चौकोन कसाही वाकडा असू दे," तो म्हणाला, "चौघांची बेरीज तीनशेसाठ अंशच. तिघांनी हात आखडला की चौथ्याला भरावं लागतं. म्हणून चूक झाली तर चौथ्याला दडवायचं नाही. पहिल्या तिघांकडे जायचं आणि उकरायचं."

आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा गुण्याबाईला नुकतंच वाचनालयाच्या हॉलचं काम मिळालं होतं. एवढं मोठं काम, तेही तिच्या एकटीच्या नावावर, पहिल्यांदाच. काम सोमवारी सुरू होणार आणि आईला घरीही सोमवारीच सोडणार. काम हातचं गेलं, तर पुन्हा कोणी तिला मोठ्या जागेत उभं करणार नव्हतं.

भावंडं आईच्या रिकाम्या खोलीत जमली. दादा म्हणाला, "आमच्याकडे जिने आहेत गं. मी रविवारी येत जाईन." ताईच्या घरी सासूबाई होत्या, ती डबा पाठवणार होती. मधल्याचं घर लहान, तो रोज फोन करणार होता. फोन! आईला काय फोन उठवून बसवणार होता?

"तू तर एकटी आहेस," ताई म्हणाली. "तुझं काम काय, आज नाही तर उद्या."

गुण्याबाईनं खिशातून खडू काढला आणि फरशीवर चौकोन आखला.

"झालं हिचं सुरू," मधला पुटपुटला.

"हे तुम्ही तिघं. तुम्ही आखडलात, चौथा उघडला. आणखी आखडलात, तो आणखी उघडला." दर वेळी ती नव्या रेघा ओढत होती. शेवटी चौथ्या कोपऱ्याच्या दोन्ही रेघा एका ओळीत आल्या. "आता बघा. चौथा कोपराच उरला नाही, सपाट झाला. तुमचा तिघांचा छान त्रिकोण, आणि मी तुमची भिंत. मी नाही होणार."

"आई आहे ती आपली!" दादा तापला.

"आपली, माझी एकटीची नव्हे. सारखे वाटे मी मागत नाही. मधल्याची जागा लहान, त्याचा वाटा लहान असू दे. हॉल संपला की माझ्या पाळीला मी आईला उचलून नेईन. पण पहिली पाळी तुझी, दादा."

"बघू," दादा म्हणाला आणि चपला शोधू लागला.

सोमवारी सकाळी ती दवाखान्यात गेली. आईला आधी विचारलं, "दादाकडे जायचं?"

"मला विचारतंय तरी कोणी," आई म्हणाली. "चल."

तिच्या हाताखालच्या दोघीजणी आल्या होत्या. तिघींनी मिळून चाकाच्या खुर्चीसकट म्हातारीला दादाचे जिने चढवलं. दार दादानंच उघडलं आणि त्याचा चेहरा पडला.

"अगं, कळवायचं तरी!"

"परवा कळवलं होतं. तू बघू म्हणालास."

"पण लोक काय म्हणतील, आईला दारात आणून टाकलं..."

"मी काय पार्सल आहे का रे, दारात सही करून घ्यायला?" आई कडाडली. "सरक बाजूला. ऊन लागतंय मला."

दादा सरकला. वहिनी उशा आणायला वळली. गुण्याबाईनं आईला पलंगावर नीट टेकवलं. आपण हे बरं केलं का, हा प्रश्न छळत होता आणि तरी माघार घ्यायला मन तयार नव्हतं. ती तिथंच घुटमळली.

"उभी काय राहिलीस?" आई म्हणाली. "हॉलवर माणसं खोळंबली असतील. कामाला जा."

बाप गेल्यापासून घरातल्या कोणी तिच्या कामाला काम म्हटलं नव्हतं. गुण्याबाई जिना उतरताना रडली, आणि रस्त्यावर येताच झपाझप चालू लागली.