हेडफोन जोडलेला आहे

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेआठला दादांचा फोन आला. "लॅपटॉप बोलत नाही," म्हणाले. मी विचारलं, अडखळतो का, मधेच तुटतो का. "नाही. बोलतच नाही. तू ये."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दादांची परीक्षा होती, आणि ती मी भांडून लावून घेतलेली होती. मी केस न विंचरताच निघाले.

दादा माझे सख्खे कोणी नव्हेत. जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात आमच्या घरापासून दोन दारं सोडून राहतात. त्यांचे आजोबा अमरावतीकडून नोकरीसाठी जबलपूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आम्हा सगळ्यांसारखंच. दादा एका दफ्तरात कंत्राटी टायपिस्ट होते. चाळिशीत काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. बोटं गेली नाहीत. पण दफ्तरानं महिन्याभरात सांगून टाकलं, "टाइप तो आप कर लेंगे भैया, पर पढ़ेंगे कैसे?" हा प्रश्न नव्हता, ही बाहेर काढायची सभ्य रीत होती. पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात, हे तिथं एकालाही जाणून घ्यायचं नव्हतं.

मी तेव्हा अपंगांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका गटात होते. गट म्हणजे आम्ही सहाजण आणि उधारीवर चालणारा आमचा उत्साह. दोन पत्रकं मी लिहिली आणि दफ्तराच्या फाटकावर उभी राहून वाटली. पत्रकात मऊ शब्द वापरायची मला सवय नाही. शेवटी साहेबांनी आत बोलावलं आणि पत्रकाची घडी करत म्हणाले, "दशहरे के अगले दिन, ग्यारह बजे। अपनी मशीन लाइए। मैं एक चिट्ठी बोलूँगा। ये टाइप करेंगे, खुद सुनेंगे, खुद सुधारेंगे। हो गया तो कॉन्ट्रैक्ट आगे। नहीं हुआ तो फिर ये पर्चे मत बाँटिएगा।"

एका ओळखीच्याचा जुना लॅपटॉप मिळाला. त्यावर मी विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली, कारण त्यात वाचून दाखवणारा प्रोग्राम आधीपासूनच असतो आणि तो वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. आवाज पत्र्यावर खडे पडावेत तसा, पण दादांना तो दोन महिन्यांत इतका सवयीचा झाला की ते त्याला दुप्पट वेगानं बोलायला लावत. मला त्यातला एक शब्द कळायचा नाही. ते मात्र मधेच थांबून म्हणायचे, "प्राप्तचा काना राहिला," आणि खरंच राहिलेला असायचा.

आणि आता तो लॅपटॉप मुका.

मी पडद्यावर बघितलं. सगळं चालू होतं. वाचणारा प्रोग्राम चालू, आवाज पूर्ण वर, आवाजाची पट्टी प्रत्येक शब्दाला उड्या मारत होती. म्हणजे यंत्र बोलत होतं आणि बाहेर काही येत नव्हतं. कोपऱ्यात एक ओळ होती: हेडफोन जोडलेला आहे. मी बाजूला बघितलं. हेडफोन तर खुंटीला लटकत होता.

मला गुन्हेगार लगेच सापडला. पत्रकं लिहिणाऱ्याला तो नेहमीच लगेच सापडतो. आवाजाची चिप बनवणाऱ्या कंपन्या आपल्या चिपची माहिती देत नाहीत, लिनक्सवाल्यांना ती चालवणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, अंदाजानं लिहावे लागतात, मग ते असे खोटं बोलतात. मी दादांना हे तावातावानं सांगितलं.

"बरं," दादा म्हणाले. "पण आता काय करून राहिली तू?"

"ड्रायव्हर काढून परत चढवते."

"मग तसं बोलत जा. बटनंसुद्धा सांग कोणती दाबतेस ते. तू चूप बसली की मला वाटते दोघंही बिघडले."

मग मी प्रत्येक बटन मोठ्यानं सांगत काम करायला लागले. ड्रायव्हर काढला, चढवला. गप्प. मशीन चालू होताना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जुना निवडला. गप्प. प्रत्येक वेळी बंद करायचं, चालू व्हायची वाट बघायची, आणि त्या वेळात दादा गुडघ्यांवर हात ठेवून, मान किंचित वाकडी करून बसलेले. सुरुवातीची टिणकार यायची ती जागा त्यांना सेकंदावर पाठ होती. ती जागा आली की त्यांची बोटं गुडघ्यावर घट्ट व्हायची, आणि गेली की सैल. मला ते बघवेना.

अकरा वाजता मी पेन ड्राइव्हवरून कोरं, नवं लिनक्स चालवून बघितलं. तेही गप्प. तेव्हाच मला समजायला हवं होतं की दोष प्रोग्रामात नाही. पण मी इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या एका फोरमवर चार परिच्छेद लिहायला बसले. नफेखोरी, माहितीची मक्तेदारी, अंध कामगाराची गळचेपी, सगळं आलं. ते लिहिताना मला बरं वाटत होतं, हे इथं कबूल करते.

यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड मिळालं असतं तर प्रश्नच मिटला असता. सदर बाजारातल्या दोन दुकानदारांना फोन केले. एकानं उचलला नाही. दुसरा म्हणाला, "दीदी, आज दशहरा है। परसों आइए।" परवापर्यंत दादांची जागा उरणार नव्हती.

वहिनी, म्हणजे दादांची बायको, आतबाहेर करत होत्या. शिलाईवर घर चालवत होत्या गेलं वर्षभर. काही विचारत नव्हत्या, पण दर फेरीला दारात थबकायच्या.

साडेबारा वाजता फोरमवर उत्तर आलं. दोनच ओळी. आधी चालत होतं का? तेव्हापासून आतापर्यंत काय बदललं?

माझं डोकंच फिरलं. चार परिच्छेदांना दोन ओळी. मी ते दादांना वाचून दाखवलं, नुसतं चिडून. "बघा, हे असे सल्ले. जणू आपणच काहीतरी केलंय."

दादा हसले नाहीत. विचार करत म्हणाले, "काल सकाळी चालत होता. नऊ वाजेपर्यंत मी चिठ्ठ्या टाइप केल्या. मग झाकण लावून ठेवला. आज उघडला." मग आतल्या बाजूला तोंड करून, "अगं, काल ह्याला कोणी हात लावला होता का?"

वहिनी दारात आल्या. "कोणी नाही. काहून?"

"नीट आठव."

"मी पूजा केली फक्त. काल खंडेनवमी नव्हती का."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. ज्याच्या हातात जे असेल त्याची. वहिनींनी पाटावर शिलाईची कात्री मांडली होती, इंचपट्टी, दादांची पांढरी काठी आणि लॅपटॉप. हळदकुंकू ओलं कालवून सगळ्यांना बोट टेकवलं होतं.

"लॅपटॉपला कुठं लावलं?" मी विचारलं.

"वर झाकणाला लावणार होते. मग म्हटलं, ह्यांचं काम आवाजावर आहे. तर ज्या भोकात हे वायर घालतात न कानाची, तिथं लावलं. चांगलं भरून."

मी लॅपटॉप उचलून उजेडाकडे धरला. हेडफोनच्या भोकाच्या कडेला लाल पुसट वर्तुळ होतं. सकाळपासून मला ते प्लास्टिकच वाटलं होतं. यंत्र खोटं बोलत नव्हतं. आतल्या पत्र्यांना ओलं कुंकू लागून ते जोडले गेले होते, यंत्राला वाटत होतं हेडफोन लागलाय, आणि हेडफोन लागला की ते स्पीकर बंद करतं. सकाळपासून ते मला हेच लिहून सांगत होतं.

आणि तरी मी तोंड उघडलं. "वहिनी, अहो हे यंत्र आहे, देव नाही. किती वेळा सांगायचं. ह्या असल्या..."

"हो का," वहिनी म्हणाल्या. "तुझं पत्रकही ठेवलं होतं पाटावर. त्यालाही लावलं कुंकू. तेव्हा नाही तुझ्या पत्रकाचं काही बिघडलं."

दादा म्हणाले, "तुम्ही दोघी मग भांडा. आधी हे काढा."

काडीला कापूस गुंडाळून, इंजेक्शनच्या वेळी लावतात ते स्पिरिट लावून अर्धा तास खरवडलं. कापूस लाल होऊन यायचा. वहिनी काडी धरत होत्या, मी उजेड. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. पण ओळ कोपऱ्यातून हलेना. हेडफोन जोडलेला आहे. आत खोलवर गेलेलं वाळून बसलं होतं, आणि जास्त जोर केला तर पत्राच वाकला असता. हेडफोन लावून बघितला, खरखर.

मग मी फोरमवर खरं काय ते लिहिलं. लाज वाटली, तरी कुंकू हा शब्द लिहिला. त्याच माणसाचं उत्तर आलं, पुन्हा दोन ओळी, हसणं नाही की टोमणा नाही. काळ्या खिडकीत उघडणारा आवाजाचा एक जुना प्रोग्राम असतो, मिक्सर म्हणतात, त्यात एक रकाना असतो, हेडफोन लागला की स्पीकर आपोआप बंद करायचा की नाही ते सांगणारा. तो बंद कर.

"बोल," दादा म्हणाले.

मी बोलत गेले. काळी खिडकी उघडली, मिक्सरचं नाव टाइप केलं, एंटर. एफ सहा, खाली एकदा, एंटर. उजवीकडे बाण, अकरा वेळा. खाली एकदा.

आणि तो खडबडीत आवाज आला, अर्ध्या शब्दातून, जणू सकाळपासून बोलतच होता. वहिनी तिथंच जमिनीवर बसल्या. दादांनी फक्त विचारलं, "उजवीकडे अकरा?" मी म्हटलं, अकरा.

त्यानंतर मी मशीन बंद करायला धजावलेच नाही. चालू झालं तसं राहू दे म्हणून नुसतं झाकण लावलं. स्वतःला विवेकवादी म्हणवणारी मी. नीट बंद केलं असतं तर ते सेटिंग आपोआप जपलं गेलं असतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना आम्ही साहेबांच्या खोलीत होतो. दादांनी झाकण उघडलं. आवाज आला.

साहेबांशेजारी बड़े बाबू, म्हणजे दफ्तरातले हेडक्लार्क, उभे होते. ते म्हणाले, "सर, पहले से कुछ भरकर लाए हों तो? बंद करवा के शुरू से करवाइए।" आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच चालू-बंदचं बटन दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत.

मी म्हटलं, "ये गलत है, ऐसे बंद नहीं..."

"आप बाहर बैठिए," साहेब म्हणाले. "परीक्षा इनकी है।"

मला दाराबाहेर बाकावर बसवलं. दार अर्धं उघडं होतं. दादांनी मशीन चालू केलं. मी मनात मोजत होते. टिणकार यायची जागा आली आणि गेली.

गप्प.

"क्या हुआ?" बड़े बाबू म्हणाले. "बोल नहीं रहा आपका साथी।"

मला उठून आत जायचं होतं, बटन दाबणाऱ्याला चार शब्द सुनवायचे होते. पण त्यानं परीक्षाच रद्द झाली असती. मी बाकाची कड धरून बसले.

आत दादा म्हणाले, "एक मिनट, सर।" अगदी साधं, चहा यायचाय म्हणावं तसं. मग बटनांचा आवाज आला. त्यांना काही दिसत नव्हतं, आणि आता काही ऐकूही येत नव्हतं. खिडकी उघडली की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. टाइप केलं. एंटर. थांबले. एक बटन, एफ सहा असणार. खाली. एंटर. मग बाण, सावकाश, एकसारख्या अंतरानं, आणि मी बाहेर ओठांनी मोजत होते. सात. आठ. बड़े बाबू काहीतरी बोलले आणि दादांचं बोट थांबलं. आकडा चुकला असेल तर दुसरंच काहीतरी बंद होणार होतं. मग पुन्हा. नऊ. दहा. अकरा. खाली.

आवाज आला. दुप्पट वेगाचा, पत्र्यावर खड्यांचा.

"ये कौन सी भाषा है?" साहेब म्हणाले.

"हिंदी है, सर। थोड़ा तेज़ है। बोलिए आप।"

पत्र पाण्याच्या टाक्या साफ करण्याबद्दल होतं. साहेब बोलत गेले, दादांची बोटं त्यांच्या मागे सहज चालत होती. मग त्यांनी वाचून घेतलं, दोन ठिकाणी थांबले, सुधारलं, पुन्हा वाचून घेतलं. खालच्या मजल्यावरचे दोन कारकून जिन्यात येऊन उभे राहिले, कसला आवाज म्हणून. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

बऱ्याच वेळानं साहेब पडद्यावर वाकले असावेत, खुर्ची करकरली. कुणी शाबासकी दिली नाही, आणि टाळ्या वाजवायला ते काही आमच्या सभेला आलेले नव्हते.

साहेब म्हणाले, "कल से आवाज़ ज़रा कम रखिएगा। उस कमरे में और लोग भी बैठते हैं।"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं, हक्काचं आणि चांगलं तिखट. तेवढ्यात दादा म्हणाले, "जी सर," आणि आवाज दोन घरं खाली आणला.