खुर्चीमागची मावशी

“बरा नाय हो साहेब, खोटं बोलतो हा.” पेशंटच्या खुर्चीमागे उभी राहून, त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकत मावशी हे सांगायची. पडद्यावर मुंबईचे हृदयाचे डॉक्टर असायचे. खुर्चीत तिच्याच मुरबे गावचा, होडी चालवणारा एखादा तांडेल मान खाली घालून बसलेला असायचा.

मी बोईसरजवळच्या एका लहानशा आरोग्य केंद्रात नर्स आहे. आमच्याकडे हृदयाचा डॉक्टर कधी नव्हता आणि पुढे येईल असंही वाटत नाही. त्याच्याऐवजी आम्हाला दर गुरुवारी व्हिडिओवरून तपासणीचा हा पडदा मिळाला. पण आमची माणसं काय करत? डॉक्टरांनी “कसं वाटतंय?” विचारलं की हात जोडून सांगत, “बरा हाय.” तुम्हीही पाहिलं असेल, मोठ्या माणसानं विचारपूस केली तर त्याच्यापुढे रडगाणं गायचं नाही, अशी आपल्याकडची रीत. त्यातून हा तर एवढ्या लांबचा पाहुणा. डॉक्टर बिचारे ऐकलं ते खरं मानत आणि पुढच्याला बोलवत. छातीत कळ घेऊन आलेला माणूस पाहुण्याचा मान राखून घरी जाई. माझा नुसता संताप व्हायचा.

मावशी पहिल्यांदा आली ती शेजाऱ्याला घेऊन. त्यानं “बरा हाय” म्हटलं मात्र, मागून तिचं तोंड सुटलं. हा रात्रभर भिंतीला टेकून बसतो, होडीवर चढताना धापा टाकतो, बायकोला सांगू नका म्हणतो, सगळं तिनं भडाभडा सांगितलं. त्या माणसाचं पुढे मुंबईत ऑपरेशन झालं. आजही तो किनाऱ्यावर जाळं सांधत बसलेला दिसतो.

तेव्हापासून गुरुवार आला की मावशी हजर. तिला कोणी नेमलं नव्हतं. सकाळी मासळी विकायची, रिकामी टोपली आमच्या दाराशी ठेवायची, हात धुवायचे आणि खुर्चीमागे उभं राहायचं. आजूबाजूच्या गावांतले लोकही तिला बरोबर घेऊन येऊ लागले. एकदा मात्र तिची चांगलीच फजिती झाली. पाम गावचा एक तरुण ऑपरेशननंतर दाखवायला आला होता आणि खरोखरच ठणठणीत होता. मावशीनं त्याच्या खोकल्याचं, सुजेचं असं काही वर्णन केलं की डॉक्टरांचा चेहरा उतरला. पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, “मावशी, तो माझा भाऊ.” मावशी जराही ओशाळली नाही. मग भावाला का आणलं नाही म्हणून उलट त्यालाच झापलं, आणि पुढच्या गुरुवारी त्या भावाला हाताला धरून घेऊन आली.

हा उद्योग तू कशाला करतेस, असं मी तिला एकदा चहा पिताना विचारलं. ती म्हणाली, “माजा नवरा मरेपरेंत बराच होता, सिस्टर.”

गेल्या पावसाळ्यानंतर मावशी खुर्चीची पाठ धरून उभी राहायला लागली. पाय सुजलेले दिसत. एका गुरुवारी मी तिलाच खुर्चीत बसवलं. त्या दिवशी नेटवर्क धड नव्हतं आणि वाणगावच्या आतल्या पाड्यावरची एक पोटुशी मुलगी मागे ताटकळत होती. मावशी घाईघाईनं म्हणाली, “मी बरी हाय साहेब. ही पोरगी लांबून आली, हिला बगा.” तेव्हा खुर्चीमागे मी उभी राहिले आणि तिचं सगळं सांगितलं. ती माझ्यावर रुसली.

डॉक्टर गंभीर झाले. हृदयाची झडप खराब असावी, तिला तपासायला इकडे आणा म्हणाले. ती तपासणी आमच्या बाजूला होत नाही. मुंबईची तारीख मिळाली ती पुढच्या महिन्याची. डॉक्टरांनी खटपट करून ती थोडी अलीकडे आणली.

तेवढाही वेळ मिळाला नाही. एका सकाळी तिच्या मुलाचा फोन आला, आई गुदमरतेय. मी ॲम्ब्युलन्स घेऊन गेले. वाटेतल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि पुढे न्या म्हणाले. महामार्गावर मनोरच्या पुढे कंटेनरची रांग लागली होती. मी डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. ओपीडी सोडून ते बाहेर येऊन उभे राहिले. डोकं उंच करा, अमुक इंजेक्शन द्या, ते सांगत गेले आणि मी करत गेले. तिचे निळे पडलेले ओठ त्यांना माझ्याइतकेच स्पष्ट दिसत होते. करता मात्र काहीच येत नव्हतं.

मावशीनं डोळे उघडले, फोनमध्ये त्यांना ओळखलं आणि डोक्यावर पदर ओढला.

“साहेब, तुमी जेवला का?”

“जेवतो मावशी. तुम्ही आधी इथे या.”

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं माझ्या हातातला तिचा हात सैल झाला. मी नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, छाती दाबत राहिले. शेवटी डॉक्टरच हळू आवाजात म्हणाले, “सिस्टर, थांबा आता.” त्यांनी फोन बंद केला नाही. मीही केला नाही. पुढे ड्रायव्हर वाट मागत जिवाच्या आकांतानं हॉर्न वाजवत होता, आणि आता घाई नाही हे त्याला सांगायला माझं तोंड उघडेना.