वहिनीचे पाच किलोमीटर

पडदे शिवून देणाऱ्या वहिनीला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. दिवसभर मशीनवर बसून तिचं अंग आखडायचं आणि जिना चढताना धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, "जरा हालचाल ठेवा." जरा म्हणजे किती, हे विचारायचं राहून गेलं आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला.

नणंद नर्स होती, कॉलेजात असताना पळायची. तिने सूत्रं हातात घेतली. "वहिनी, आधी औषधांच्या दुकानापर्यंत न थांबता जायचं. मग पाण्याच्या टाकीपर्यंत. मग पुलापर्यंत. पूल जमला की पाच किलोमीटरची शर्यत."

दुकान गाठायला वहिनीला बरेच आठवडे लागले. गाठलं तेव्हा तिला वाटलं, चला, सुटले. नणंद म्हणाली, "छान. सोमवारपासून टाकी."

"मग हे जमलं ते कशात धरायचं?"

"जमलं म्हणून तर पुढचं."

वहिनीला काही उमगेना. पडदा शिवून झाला की खिडकीला लागतो. त्याची लांबी लगेच कोणी वाढवत नाही.

त्यात दिराने भर घातली. "असं चिमूटचिमूट कशाला, वहिनी? एकदा पुलापर्यंत पळून या. अंगाला आपोआप सवय होते." तिला तेही पटलं. तिला सगळ्यांचंच पटायचं, हीच तर अडचण होती. दुसऱ्या दिवशी ती पुलाकडे निघाली आणि टाकीच्या अलीकडेच पोटरीत असा गोळा आला, की रद्दीवाल्याच्या टेम्पोत बसून घरी यावं लागलं.

नणंद रागावली नाही. पोटरीला मलम चोळत म्हणाली, "या आठवड्यात नुसतं चालायचं. दुखता कामा नये, एवढंच ध्येय."

"न दुखणं हे ध्येय असतं का, वन्सं?"

"आमच्या वॉर्डात तर तेच असतं."

यथावकाश टाकी झाली, पूलही झाला. शर्यतीच्या सकाळी नेमकी नणंदेला ड्यूटी लागली. जाता जाता तिने बजावलं, "बोलता येईल इतक्याच वेगाने पळ."

वहिनीने ते शब्दशः घेतलं. पळता पळता ती हातातल्या कामांची मोठ्याने उजळणी करू लागली. "निळ्या पडद्यांना अस्तर, हॉलच्या पडद्यांना चुण्या..." शेजारून पळणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांना वाटलं, बाई आपल्याशीच बोलतायत.

"अस्तर हवंच," ते म्हणाले. "नाहीतर उन्हाने रंग विटतो."

ते निवृत्त रंगारी निघाले. गप्पा अशा जमल्या, की पाच किलोमीटरवाले कुठे वळले ते वहिनीला कळलंच नाही. पाण्याच्या टेबलापाशी गृहस्थांनी सहज विचारलं, "तुम्हीही दहा किलोमीटरच्याच ना?"

वहिनीच्या हातातला पेला तसाच राहिला. मागे फिरावं तरी पुढे जाण्याइतकंच अंतर, आणि पुढचं तर कोणी ठरवूनच दिलेलं नव्हतं. रंगाऱ्यांना तिने पुढे व्हायला सांगितलं आणि स्वतःच ठरवलं: त्या झाडापर्यंत. मग त्या बंद दुकानापर्यंत. मग पांढऱ्या गाडीपर्यंत. ती जवळ येतेय तोच गाडी सुरू होऊन निघून गेली. वहिनी रस्त्यात उभीच राहिली. आता आपण पोचलो म्हणायचं की नाही? रडावं की हसावं, तेही तिला ठरवता येईना. मग थोडं चालली, थोडं पळाली, पुन्हा चालली.

शर्यत संपायच्या जागी ती आली तेव्हा माणसं मंडप उतरवत होती. नणंद गणवेशातच पुढे धावली. "कुठे होतीस तू? सगळ्यांना विचारून झालं."

"दहावर गेले. चुकून."

"चुकून?" नणंदेला रागवायचं होतं, पण मधेच हसू फुटलं. "आणि गुडघे?"

"ते आहेत जागेवर. पण वन्सं, माझे पाच जमले म्हणायचे की राहिले?"

नणंद म्हणाली, "अगं, मला तरी कुठे कळतंय." मग तिने वहिनीला फुटपाथच्या कडेला बसवलं आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.